माझ्याविरुद्धची तक्रार

३ मे, शुक्रवार

प्रिय बारकी,

चार वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. डावा गुडघा सोडला तर मी धडधाकट आहे. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मला बोलता आलं नसतं. म्हणून पत्र.

कचेरी आहे तिथेच आहे. जिना तोच, तिसरी पायरी अजून डगमगते, घरमालक अजून "उद्या सुतार पाठवतो" म्हणतात. तुझ्या टेबलावर फेब्रुवारीपासून मास्तरीणबाई बसतात. तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, दोन महिने घरी बसून नवऱ्याला कंटाळल्या, आणि माझ्याकडे कारकून म्हणून आल्या. अक्षर मोत्यासारखं. मी पेनाला टोपण लावायला विसरले की माझ्याकडे अशा बघतात की मला उठून बाकावर उभं राहावंसं वाटतं.

बरं, नमनाला घडाभर तेल पुरे. कामाचं विचारायचंय.

एक वकील आहेत. आपल्यासारख्याच, परदेशातून आलेल्या लोकांच्या केसेस चालवणाऱ्या. त्यांच्या एका अशील बाईंचा आश्रयाचा अर्ज कोर्टाने फेटाळला. वर अपील करायला तीस दिवस असतात. वकिलाने अपील तीन दिवस उशिरा नेलं. खिडकीवरच्या माणसाने कागद हातसुद्धा न लावता परत सरकवले. आता हुकूम पक्का झालाय, आणि १८ जूनच्या आत बाईंनी देश सोडायचा आहे. तिकडे परत जाणं त्यांच्या जिवावरचं आहे, एवढंच सांगते.

बंद झालेली केस पुन्हा उघडून घेण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही असं कानावर येतं. कानावर येतं म्हणजे मी चौकशी करत असते असं नाही. तर तू ही केस घेशील का? बाईंचं नाव-गाव विचारू नकोस. अशिलाची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय बाहेर काढायची नाही हे तुला मीच शिकवलंय, आणि परवानगी अजून मिळालेली नाही.

तुझे ते तीन दिवस मी विसरलेले नाही. पण ते इथे काढत नाही. काढले म्हणा आता. जाऊ दे.

तुझा खोकला कसा आहे? तिकडची हवा कोरडी आहे म्हणतात.

ताई


११ मे, शनिवार

प्रिय बारकी,

तुझं कार्ड मिळालं. ना मायना ना सही, नुसते दोन प्रश्न. "तो वकील कोण? बाईंना सांगितलंय का?" कार्ड उघडं, त्यामुळे मास्तरीणबाईंनी आधी वाचलं. माझ्या टेबलावर पालथं ठेवलं आणि चष्म्यावरून बघत उभ्या राहिल्या. दोघी मिळून चांगल्या भेटलात मला!

तो वकील मी.

घे. लिहिलं एकदाचं. आठवडाभर पेन तिथेच अडत होतं.

कशी चुकले ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला पटणार नाही. आपली पद्धत तुला माहीत आहे. खरी शेवटची तारीख डायरीत कधी लिहायची नाही, पाच दिवस अलीकडची लिहायची. कुणाला ताप आला, संप झाला, प्रिंटर रुसून बसला, तरी पाच दिवस हाताशी. तू गेल्यावर डायरी मीच लिहीत होते. फेब्रुवारीत ती मास्तरीणबाईंच्या हातात दिली आणि पाच दिवसांचं सांगायचं राहिलं. एकोणीस वर्षं आपल्याला ते न बोलता कळत होतं. ते कुणाला सांगावं लागतं हेच माझ्या डोक्यात आलं नाही. मास्तरीणबाईंनी हुकुमावरची तारीख बघितली, बोटांवर तीस दिवस मोजले आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, १९ एप्रिल. खरी तारीख. मी वाचलं एकोणीस आणि मनात म्हटलं चोवीस.

शुक्रवारी, एकोणीस तारखेला, अपिलाचे कागद तयार होते. सह्या झालेले, टाचलेले, टेबलावर. कोर्ट चालत पंधरा मिनिटं. पण चष्म्याच्या दुकानवाल्याने सोमवारी बोलावलं होतं आणि ते दुकान कोर्टाच्या वाटेवर आहे. म्हटलं, एका खेपेत दोन्ही कामं होतील, गुडघ्याला तेवढाच आराम. चष्म्याच्या एका काचेसाठी मी एका बाईचं आयुष्य सोमवारवर ढकललं गं.

मास्तरीणबाईंची यात काही चूक नाही आणि मी त्यांना तसं बजावून सांगितलंय. शाळेत खोटी तारीख लिहायला शिकवत नाहीत. तरी दोन दिवस त्या डोळे पुसत टाइप करत होत्या.

आता दुसरा प्रश्न. तुझं कार्ड आलं तोवर बाईंना सांगितलं नव्हतं. परवानगीचं मी जे मोठ्या तोऱ्यात लिहिलं ना, ती पळवाट होती. परवानगी मागायची तर आधी चूक सांगावी लागली असती. तुझं कार्ड आलं त्याच दिवशी, ८ तारखेला, बाईंना बोलावून सांगितलं. तू तीन दिवस लपवलंस म्हणून मी तुला कचेरीतून घालवलं. मी सोळा दिवस लपवलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! म्हण तू, मी ऐकून घेईन.

बाईंनी आता परवानगी दिली आहे, तेव्हा ऐक. शिवणकाम करतात. बाजाराच्या मागे कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसतात, पॅन्ट आखूड करतात, चेन बसवतात. आम्ही त्यांना शिवणवालीच म्हणतो. नऊ वर्षांची मुलगी आहे, तिला अवघड गणितं आवडतात. तिकडे असताना यांनी आपल्या भागातल्या एका बड्या माणसाविरुद्ध कोर्टात साक्ष दिली. डोळ्यांदेखत बघितलेलं सांगितलं. तीन महिन्यांत नवरा गेला, कागदावर "अपघात" म्हणून. मग या मुलीला घेऊन निघाल्या. तो माणूस अजून तिथेच आहे आणि आता आणखी बडा झालाय. खालच्या कोर्टाने म्हटलं, पुरावा अपुरा. अपिलात तो निकाल टिकला नसता असं मला छातीठोक वाटत होतं. म्हणून तर जास्त लागतंय.

पुढचं तुला सांगायला नको, पण लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझ्याच गळी उतरत नाही. केस पुन्हा उघडायची तर चूक बाईंची नव्हती, वकिलाची होती, हे दाखवावं लागतं. त्यासाठी बाईंनी वकिलाविरुद्ध शिस्त समितीकडे तक्रार करायची, तिची प्रत वकिलाला द्यायची आणि वकिलाचं उत्तर अर्जाला जोडायचं. अर्ज १८ जूनच्या आत पडला की हुकुमाला स्थगिती मिळते. तक्रार माझ्याविरुद्ध, तेव्हा ती मी लिहू शकत नाही. तू लिही. माझ्यावर राग आहे ना? तो एकदाचा कुणाच्या तरी कामी येऊ दे.

ताई


१९ मे, रविवार

प्रिय बारकी,

"घेता येणार नाही. मी तुझी बहीण आहे." आणि खाली दुसऱ्या एका वकिलाचा नंबर.

आधी मला असा संताप आला की कार्ड टेबलाच्या खणात कोंबलं. मग दुपारी पुन्हा काढून वाचलं. बरोबर आहे तुझं. बहिणीविरुद्धची तक्रार बहिणीने लिहायची, तर हात आखडता घेतला जाईल ही शंका कुणालाही येणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ. नियम तोच सांगतो आणि तू नियमाने उत्तर दिलंस. पण अगं, चार वर्षांनी तू माझी बहीण आहेस असं लिहिलंस, आणि लिहिलंस कुठे, तर नकाराच्या कारणात! मी ते कार्ड जपून ठेवलंय. हसू नकोस.

तुझ्या त्या वकिलांना फोन केला. भले गृहस्थ आहेत, पण जुलैपर्यंत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. आणखी दोघांना विचारलं. एक म्हणाले, "बाई, तुमच्याविरुद्ध? छे, तुमच्याकडून आम्ही शिकलो." म्हटलं, मग काहीच शिकला नाहीत.

तेव्हा पुन्हा तुझ्याकडेच येतेय. पण त्याआधी मागच्या पत्रात मी जे गाळलं ते सांगते. ते कळल्याशिवाय तू हो म्हणालीस तर तो माझा दुसरा गुन्हा होईल.

मी लिहिलं होतं की ८ तारखेला बाईंना बोलावून सांगितलं. कसं सांगितलं ते लिहिलं नव्हतं.

आपला टपालाचा आवक शिक्का आठवतो ना, रबरी आकडे फिरवून तारीख लावायचा? कोर्टाचा हुकूम पाकिटातून आला तो २५ मार्चला. मास्तरीणबाई त्या दिवशी सुट्टीवर होत्या, पाकीट मीच घेतलं होतं आणि शिक्का मारायचा राहिला होता. टपाल खात्याची चूक असेल, पाकीट खूप उशिरा मिळालं असेल, तर कोर्ट मुदत वाढवून देतं. म्हणजे तक्रार नको, समिती नको, काही नको. एक आकडा फिरवायचा. ७ तारखेला दुपारी मास्तरीणबाई जेवायला गेल्यावर मी तो आकडा फिरवला. १५ एप्रिल लावलं. पाकिटावर मारलं. आणि तसं प्रतिज्ञापत्र लिहिलं, "हुकूम आमच्या कचेरीत १५ एप्रिलला पोचला." खाली माझी सही आणि बाईंच्या सहीला जागा. बत्तीस वर्षं मी लोकांना सांगत आले की खोटा कागद म्हणजे उसनं आयुष्य. आणि हात थरथरला म्हणशील तर नाही. चांगला सरळ चालला.

८ तारखेला बाई आल्या. चूक सांगितली, आणि सांगून संपायच्या आत तो कागद पुढे केला. म्हटलं, "इथे सही केलीत की बहुतेक काम होऊन जाईल."

त्यांनी वाचलं. सावकाश वाचतात, ओळीवर बोट ठेवून. मग म्हणाल्या, "बाई, पाकीट आलं त्या दिवशी मी इथेच होते. तुमचा पडदा लावत होते. टपालवाल्याला दार मीच उघडलं. पडद्याच्या दिवसाची नोंद आहे माझ्या दुकानात, पंचवीस मार्च."

मी पाकीट उलटं करून ठेवलं.

"तुम्ही सांगाल तिथे मी सही करते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं केलीय. पण उद्या मला कुणी विचारलं, दार कुणी उघडलं, तर मी काय सांगू? तेवढं शिकवा मला."

चिडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खरंच विचारत होत्या. पेन हातात घेऊन माझ्या उत्तराची वाट बघत बसल्या होत्या. जिने खरं सांगण्यापायी नवरा गमावला, तिला मी खोटं शिकवायला बसले होते, आणि ती माझ्यावर विश्वास ठेवून शिकायला तयार होती. मी कागद फाडला. पाकीट तसंच ठेवलंय, खोट्या शिक्क्यासकट. मग मात्र खूप रडले. त्यांनी पाणी आणून दिलं. सांग आता, अशील कोण आणि वकील कोण!

आता नियमाचं. तू बहीण आहेस ही अडचण एकाच वाटेने सुटते. बाईंना धोका समजावून सांगायचा, तोही आपण दोघींनी नाही, तिसऱ्या कुणीतरी, आणि मग त्यांनी स्वतःहून लेखी संमती द्यायची. मी त्यांना पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या वकिलांकडे पाठवलं. त्यांनी तासभर समजावलं, "ती बहिणीला सांभाळून घेईल, तुमचं नुकसान होईल, विचार करा." मग त्यांनी विचारलं, "या बहिणींचं आपसात कसं आहे?" मी बाईंना आधीच सगळं सांगितलेलं होतं, तुला घालवलं तेसुद्धा. बाई म्हणाल्या, "जिला कचेरीतून घालवलं ती हिला सोडणार नाही. मला तशीच वकील हवीय."

म्हातारबुवा इतके हसले की त्यांना ठसका लागला. संमतीपत्र सोबत आहे, त्यांच्या साक्षीने सही केलेलं. बाईंचा पत्ता आणि फोनही आहे. यापुढे तू आणि त्या. मी मध्ये नाही.

ये म्हणत नाही. घे एवढंच म्हणते.

ताई


७ जून, शुक्रवार

बारके,

आज प्रिय वगैरे काही नाही. मला तुझा भयंकर राग आलाय.

तक्रारीची प्रत काल मिळाली. कागद हातात घेतला तेव्हा, खरं सांगते, ऊर भरून आला. तुझी मांडणी, तुझी ती छोटी छोटी वाक्यं, समासात नीट आकडे. मनात म्हटलं, काय सुरेख लिहायला लागलीय ही! मग वाचायला लागले.

"अनवधानाने." "वाढतं वय आणि एकटीवर पडलेला कामाचा ताण." "पूर्वीच्या वकिलांची बत्तीस वर्षांची निष्कलंक सेवा." अगं, ही तक्रार आहे की माझा निरोप समारंभ? हार आणि नारळ तेवढा द्यायचा राहिला! आणि वाढतं वय म्हणजे काय? मी चौसष्टची आहे. तू एकोणसाठची आहेस, तू काय पाळण्यात आहेस का?

पण राग याचा नाही. परिच्छेद सात काढ. "तारीख चुकल्याचं पूर्वीच्या वकिलांनी अर्जदारास यथावकाश कळवलं." यथावकाश! २२ एप्रिलला कागद परत आले आणि अर्ज पडतोय जूनमध्ये. कोर्ट पहिला प्रश्न हाच विचारणार, एवढे दिवस बाई काय करत होत्या? तुझ्या त्या यथावकाशात सोळा दिवस बाईंच्या पदरात पडतात. ते सोळा दिवस माझे आहेत. त्यांना ८ मेपर्यंत काही माहीतच नव्हतं, आणि कळलं त्या दिवसापासून त्यांनी एक दिवस वाया घालवलेला नाही. हे लिहिलं नाहीस तर मला वाचवता वाचवता तू त्यांना बुडवशील. म्हातारबुवांनी ज्याची भीती घातली होती तेच तू करतेयस, आणि प्रेमाने करतेयस, म्हणून कुणाच्या लक्षातही येणार नाही.

शिक्क्याचं तर तू अवाक्षर काढलेलं नाहीस. का ते मला कळतं. मी ते बहिणीला लिहिलं होतं आणि तू बहिणीसारखं पोटात ठेवलंस. बारके, तुला सांगताना मला माहीत होतं की तू बाईंची वकील होणार आहेस. म्हणून तर सांगितलं. खोट्या कागदावर सही करायला बाई कचरल्या, ही त्यांच्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट आहे. पुरावा अपुरा म्हणून ज्यांना घालवलं, त्या बाईंची खरेपणाची साक्ष आहे ती. ती तू माझ्यासाठी खिशात घालू नकोस.

माझं उत्तर मी आज समितीला आणि तुला रजिस्टर टपालाने पाठवलं आहे. त्यात सगळं आहे. डायरी, चष्मा, सोळा दिवस, शिक्का, प्रतिज्ञापत्र. पाकीट मुळातलं जोडलंय. बाकीचं तुझं तू दुरुस्त कर. अठराच्या आत.

काल शिवणवाली बाई आल्या होत्या, मास्तरीणबाईंच्या जाकिटाची चेन बसवून घेऊन. बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्या बहिणीने विचारलंय..." मी हात वर केला. म्हटलं, "तुमच्या वकिलांनी काय विचारलं ते मला सांगायचं नाही." त्या हसल्या. म्हणाल्या, "सारख्याच आहात. त्याही असाच हात वर करतात." मग बराच वेळ मुलीच्या गणितांबद्दल बोललो.

रागावले आहे, पण तुझा खोकला अजून आहे असं त्यांच्या बोलण्यात आलं. औषध घेतेस का?

ताई


९ जुलै, मंगळवार

प्रिय बारकी,

तू आत्ता गाडीत असशील. मी कोर्टातून घरी येऊन, बूटसुद्धा न काढता लिहायला बसलेय. दुपारचे साडेतीन झालेत.

मी शेवटच्या बाकावर होते हे तुला माहीत असणार. बत्तीस वर्षांत त्या खोलीत मी मागे कधी बसले नव्हते. मागून सगळं वेगळंच दिसतं. वकिलांचे नुसते खांदे दिसतात. तुझा उजवा खांदा बोलताना वर जातो, लहानपणी पाठांतर म्हणताना जायचा तसा.

तू वीस मिनिटं बोललीस आणि वीसही मिनिटं माझ्याविरुद्ध बोललीस. "पूर्वीच्या वकिलांनी मुदतीचा हिशेब चुकवला. पूर्वीच्या वकिलांनी ही गोष्ट अर्जदारापासून सोळा दिवस लपवली. पूर्वीच्या वकिलांनी खोट्या तारखेचा शिक्का मारला." एकदाही आवाज हलला नाही. बाई ताठ बसून ऐकत होत्या. मी तिथे बसून काय विचार करत होते सांगू? की ही माझ्या हाताखाली तयार झालीय, आणि ते इथे कुणाला ओरडून सांगायची सोय नाही.

मग न्यायाधीशांनी मला उभं केलं. शपथ दिली. "उत्तरात लिहिलंय ते तुमचंच?"

"हो."

"शिक्का तुम्हीच फिरवलात?"

"हो. पाकिटावर मारला, खोटं प्रतिज्ञापत्रही केलं. बाईंनी विचारलं, कुणी विचारलं तर मी काय सांगू. मग फाडलं."

"आणि त्यांनी विचारलं नसतं तर?"

तू वळून माझ्याकडे बघितलंस. आज पहिल्यांदाच. मी म्हटलं, "तर दाखल केलं असतं."

ते उत्तर मला घरून तयार करून नेता आलं नसतं. खरं होतं, म्हणून तोंडातून निघालं.

हुकूम रद्द, केस पुन्हा उघडली, पुढची तारीख सप्टेंबरात. तोवर बाईंना कुणी हात लावू शकत नाही. बाहेर आल्यावर बाईंनी आधी तुझा हात धरला, मग माझा, आणि तसाच दोन्हीकडे धरून ठेवला. तुला म्हणाल्या, "तुम्ही खरंच सोडलं नाहीत हो यांना!" आणि मग भिंतीकडे तोंड करून हमसून रडल्या. मुलीला शाळेतून आणायची वेळ झाली म्हणून लगबगीने निघूनही गेल्या. आणि उरलो आपण दोघी, त्या पाण्याच्या नळापाशी.

तू म्हणालीस, "गुडघा कसा आहे?"

मी म्हटलं, "बरा आहे."

तू म्हणालीस, "गाडी आहे मला." मी म्हटलं, "हो, नीघ तू." आणि चौसष्ट वर्षांची ही बाई, शपथेवर एवढं सगळं बोलून आलेली, बहिणीसमोर खांबासारखी उभी राहिली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. जिन्याच्या वळणावर तू एकदा थांबलीस. मी हाक मारली नाही.

जे तिथे बोलायचं होतं ते लिहिते.

चार वर्षांपूर्वी तुझ्या हातून त्या वेल्डरच्या केसची तारीख चुकली. तू मला तीन दिवस सांगितलं नाहीस. त्याची केस उघडायला तुझ्याविरुद्ध तक्रार करावी लागली आणि त्याच्या लेखी संमतीने ती मी लिहिली, एका दुपारीत, एकदाही न थांबता. त्यात एक वाक्य आहे. तुला पाठ असेल. "चूक लक्षात आल्यावरही संबंधित वकिलांनी ती तीन दिवस विनाकारण लपवून ठेवली."

विनाकारण.

तेव्हा माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं, हिला आठवडाभर कसलाही त्रास होऊ देऊ नका. तू बाहेरच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसून राहायचीस. तुला वाटतं मला हे माहीत नव्हतं. मला दुसऱ्याच दिवशी नर्सने सांगितलं होतं. "तुमच्या बहिणीचं काहीतरी कामाचं बिनसलंय, रडतायत बाहेर, पण तुम्हाला सांगू नका म्हणाल्यात." मी ऐकलं, डोळे मिटले आणि पडून राहिले. एक हाक मारायची होती गं. तू धावत आत आली असतीस, आणि मी त्या पलंगावरूनसुद्धा तुला सांगितलं असतं की काय करायचं. मारली नाही. आणि बरी होऊन कचेरीत आले तेव्हा त्या वेल्डरसमोर, भर खोलीत तुला म्हणाले, "हिच्यावर विश्वास ठेवू नका."

का? मला राग आला होता. तारखेचा नव्हे. तू मला जपलंस याचा. मला कुणी आजारी, म्हातारी समजून सांभाळून घ्यावं हे मला सोसत नाही. त्यापेक्षा तू लबाड आहेस असं लिहिणं मला सोपं गेलं. माझ्या तारखेची चूक ती चूक. शिक्का, ती भीती. पण ते एक वाक्य मी शांतपणे, खोटं आहे हे माहीत असताना लिहिलं, आणि त्याच्यावर सरकारी कागद झाला, आणि तुला ठपका बसला. आज शपथ घेताना मला ते वाक्यच समोर दिसत होतं.

माझं चुकलं, बारके. मला माफ कर. चार वर्षं रोज तुझी आठवण आली आणि रोज मी ती रागाच्या नावावर खपवली.

समितीने चौकशी संपेपर्यंत मला नवी केस घेऊ नका म्हटलंय. सनद जाईल, वर्षभर तरी. जाऊ दे. मास्तरीणबाई उरलेल्या फायली दुसऱ्या वकिलांकडे सोपवण्यासाठी लावून ठेवतायत, आणि मला पेनाला टोपण लावायला शिकवतायत.

आणखी एक. आज घरी येताना टपाल कचेरीत थांबून समितीला दुसरं पत्र रजिस्टर केलं. चार वर्षांपूर्वीच्या त्या तक्रारीतलं परिच्छेद चारमधलं वाक्य मी जाणूनबुजून खोटं लिहिलं होतं, नर्सच्या सांगण्यासकट सगळं, आणि तुझ्या नावावरचा ठपका काढावा अशी विनंती. प्रत सोबत जोडली आहे. नियमाप्रमाणे तुला उत्तराला तीस दिवस आहेत.

एवढे लावू नकोस गं.

तुझी
ताई